रोज नवं सुचायलाच हवं, असं नाही

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सोबत पाठवलेलं प्रयोगाचं चित्रीकरणही पूर्ण पाहिलं. परीक्षकांच्या शेऱ्यातलं 'क्लृप्त्या भरपूर, नाटक थोडं' हे वाक्य तुला फार लागलेलं दिसतंय. मला मात्र तुझंच एक वाक्य जास्त टोचलं. तू लिहिलं आहेस, 'मागच्या वर्षी प्रेक्षकांतून एन्ट्री झाली, यंदा सावल्यांचा पडदा झाला, आता पुढच्या वर्षी नवीन काय करू?' उत्तर आधीच देऊन टाकते. नवीन काही करू नकोस. यंदाच्या एकांकिकेत पाण्याच्या रांगेचा एक प्रवेश आहे. हंडे टेकण्याचा आवाज, नळाची धार आणि मध्येच म्हातारीचा खोकला. सावल्यांच्या पडद्याविषयी सगळे बोलले, या प्रवेशाविषयी कुणी बोललं नाही, तूही पत्रात त्याचा उल्लेख केला नाहीस. माझ्या मते तुझं दिग्दर्शन तिथं आहे. तेच पुन्हा कर, आणखी खोलात जाऊन कर.

हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. एका दिग्दर्शकाचं सबंध आयुष्य माझ्या या म्हणण्यामागं उभं आहे. नाटक आणि सिनेमा या दोन्ही ठिकाणी त्यानं इतकं काही पहिल्यांदा करून दाखवलं की लोक त्याला 'नवनवीन युक्त्यांचा माणूस' म्हणूनच ओळखायला लागले. माझ्या मते ती ओळख चुकीची आहे, आणि तू त्याच चुकीच्या ओळखीच्या मागं धावायला निघाली आहेस.

रूबेन मामूलियन. १८९७ मध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीत, एका आर्मेनियन घरात जन्मला. आई तिथल्या आर्मेनियन रंगभूमीवरची कर्ती बाई. लहानपणाची काही वर्षं पॅरिसच्या शाळेत गेली. मग मॉस्कोला कायद्याचं शिक्षण आणि त्याच्याच जोडीनं मॉस्को आर्ट थिएटर या नाट्यसंस्थेच्या स्टुडिओत वाख्तांगोव्ह या दिग्दर्शकाच्या हाताखाली नाटकाचं. पुढं तो लंडनला आला आणि १९२२ मध्ये तिथं त्यानं एक नाटक बसवलं, मॉस्कोच्या शिस्तीतलं, काटेकोर वास्तववादी. त्या नाटकानं आपल्याला काय शिकवलं हे तो पुढं मुलाखतींत सांगत असे. रंगमंचावरच्या हुबेहूब वास्तवाशी आपलं नातं जुळत नाही, आपल्याला हवी आहे ती लय आणि काव्याच्या जवळ जाणारी शैली, हे त्याला त्या वेळी उमगलं. तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

यात मला मोलाचं वाटतं ते असं, की तो प्रयोग काही पडला नव्हता. लोकांनी नावं ठेवली म्हणून त्यानं वाट बदलली नाही. केलेलं काम नीट झालं होतं, तरी ते आपलं नाही हे त्याला आतून कळलं. तुझ्या वयात माणसं 'मला काय जमत नाही' याच्या याद्या करतात. 'मला जमतं, पण ते माझं नाही' अशी एक यादी करून बघ. सावल्यांचा पडदा तुला उत्तम जमला आहे. तो तुझा आहे का, हे तूच ठरव.

१९२३ मध्ये तो अमेरिकेत गेला, रॉचेस्टरला. कोडॅक कॅमेऱ्याच्या जॉर्ज ईस्टमननं तिथं मोठं थिएटर उभारलं होतं आणि त्याला ऑपेरा बसवायला माणूस हवा होता. ही रॉचेस्टरची वर्षं त्याच्या चरित्रात चार ओळींत संपतात, पण तिथंच त्याला सवय लागली ती प्रत्येक हालचालीखाली सूर असण्याची. ऑपेरात नट आपल्या मर्जीनं खुर्चीवर बसू शकत नाही, त्याला मात्रेवर बसावं लागतं. काही दिग्दर्शकांना हा जाच वाटतो. मामूलियनला ते घर वाटलं.

आता १० ऑक्टोबर १९२७. न्यूयॉर्कमध्ये थिएटर गिल्ड ही संस्था डोरथी आणि ड्यूबोज हेवर्ड या नवराबायकोनं लिहिलेलं 'पॉर्गी' करत होती, आणि ब्रॉडवेवरचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवरचं, हे मामूलियनचं पहिलं नाटक होतं. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरातली कॅटफिश रो नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती, आणि तिच्यात भर रंगमंचावर होणारी सकाळ. संहितेत अशा जागी साधारण काय लिहिलेलं असतं ते तुला माहीत आहे. 'सकाळ. वस्ती जागी होते.' आपण काय करतो? प्रकाश हळूहळू वाढवतो, कोंबडा आरवायला लावतो, दोन-चार नटांना इकडून तिकडं फिरवतो.

त्यानं काय केलं ते तुझ्या भाषेत सांगते, कारण तुझ्या घरात तबला आहे. चार मात्रांचा ठेका धर. पहिल्या मात्रेवर रस्ता दुरुस्त करणाऱ्यांचा घाव पडतो. दुसरी रिकामी. तिसरीवर एका झोपलेल्या माणसाचं घोरणं. चौथी रिकामी. थोड्या वेळानं एक बाई पायऱ्या झाडायला घेते आणि तिचा झाडू दुसरी आणि चौथी मात्रा भरून काढतो. मग सुरीला धार लावणारा येतो, जोडे शिवणारा येतो, गालिचे बडवणारी बाई येते. प्रत्येकाला स्वतःची जागा, स्वतःची मात्रा. सगळे भरात आले की ठेकाच बदलतो. चारांचा दोनांचा होतो, पुढं सहांचा, आणि शेवटी तो चार्ल्सटन नाचाच्या तिरक्या लयीवर जाऊन पोहोचतो.

एकही संवाद नाही. तरी प्रेक्षकाला कळलेलं असतं की ही माणसं एकमेकांच्या आवाजावर जगतात, एकाची रिकामी मात्रा दुसरा भरतो. नाटकात पुढं या वस्तीत खून होतो, तुफान येतं, माणसं बुडतात. यातलं काहीच एकट्यादुकट्यावर येत नाही, वस्तीवर येतं, हे त्या सकाळीच सांगून झालेलं आहे. म्हणून मी त्याला क्लृप्ती म्हणणार नाही. क्लृप्ती काढून टाकली तर नाटक तसंच उरतं. हा प्रवेश काढला तर 'पॉर्गी'तली वस्ती मोडते, नुसती पात्रं उरतात.

आणि पुढं बघ. १९३२ मध्ये हॉलिवूडमध्ये त्यानं 'लव्ह मी टुनाइट' हा संगीतपट केला. त्याची सुरुवात पॅरिसच्या पहाटेनं होते. रिकामा रस्ता, एक मजूर कुदळ मारतो, कुणी घोरतंय, कुणी झाडतंय, धुराडी धूर सोडायला लागतात, जोडे ठोकणारे येतात आणि बघता बघता सगळं शहर एका तालात. म्हणजे कॅटफिश रोचीच सकाळ. पुढं १९३५ मध्ये जॉर्ज गर्श्विनचा 'पॉर्गी अँड बेस' हा ऑपेरा त्यानंच बसवला, तेव्हाही आवाजांच्या या मेळाला मूळ प्रयोगात जागा होती. एकच कल्पना, आठ वर्षांत तिसऱ्यांदा. पुनरावृत्ती म्हणून त्याला लाज वाटलेली नाही. रंगमंचावर सगळी वस्ती प्रेक्षकाला एकाच वेळी दिसत होती, त्यामुळं कुठं बघायचं ते कानानं ठरत होतं. सिनेमात तो प्रत्येक आवाजाला त्याचं स्वतःचं चित्र देऊ शकला आणि संकलनाची कात्री मात्रेवर चालवू शकला. साधन बदललं की जुनीच कल्पना नवे प्रश्न विचारायला लागते. तुझा पाण्याचा प्रवेश तू पुढच्या वर्षी पुन्हा करावास असं मी म्हणते ते याच अर्थानं.

त्याच 'लव्ह मी टुनाइट'मध्ये एक गाणं आहे, 'इझन्ट इट रोमँटिक'. शिंप्याच्या दुकानात नायक ते गुणगुणतो, गिऱ्हाईक ते उचलून रस्त्यावर नेतं, टॅक्सीवाला ऐकतो, टॅक्सीतला संगीतकार सूर कागदावर उतरवतो, आगगाडीतले सैनिक त्याचं कूचगीत करून टाकतात, एक जिप्सी व्हायोलिनवर वाजवतो आणि शेवटी दूरच्या गढीतली राजकन्या सज्जात उभी राहून तेच गाते. नायक-नायिकेनं एकमेकांना अजून पाहिलेलंही नाही, पण गाण्यानं गाठ घातलेली आहे. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हार्ट यांची गाणी आधी बांधून झाली होती आणि चित्रीकरण त्या संगीतावर झालं. गाणं ऐकवायला गोष्ट थांबत नाही, गाणंच गोष्ट पुढं नेतं. हा धागा लक्षात ठेव, पुढं लागेल.

आता माईकची गोष्ट. १९२९ मध्ये सिनेमा नुकताच बोलायला लागला होता आणि त्या बोलण्यानं त्याचे पाय बांधले गेले होते. कॅमेऱ्याच्या मोटरचा आवाज येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन एका बंद खोक्यात. नट माईकच्या आसपास घुटमळणारे. पॅरामाउंट कंपनी ब्रॉडवेवरच्या दिग्दर्शकांना बोलावत होती ते यांना संवाद कळतात म्हणून. मामूलियननं मात्र न्यूयॉर्कच्या अस्टोरिया स्टुडिओत आधी काही आठवडे नुसतं उभं राहून काम बघितलं, आणि मग 'अप्लॉज' या सिनेमात त्यानं ते खोकं चाकांवर घालून फिरवायला लावलं.

त्यातला एक प्रवेश असा. आई बर्लेस्कमधली, म्हणजे नाचगाण्याच्या उथळ, चावट खेळांतली, उतरत्या वयाची गायिका, हेलन मॉर्गननं केलेली. मुलगी कॉन्व्हेंटमध्ये वाढून आलेली. रात्री एका खोलीत आई मुलीला झोपवायला गाते, पण तिला येतात ती रंगमंचावरची गाणी, त्यातलंच एक अंगाईसारखं म्हणते. मुलगी त्याच वेळी कुजबुजत प्रार्थना करते. एका माईकनं दोन्ही मिळेनात. गाणं घेतलं की कुजबुज बुडायची. मामूलियन म्हणाला, दोन माईक लावा, दोन वेगळ्या पट्ट्यांवर घ्या, नंतर एकत्र करा. आज तुझ्या फोनमध्ये हे होतं, तेव्हा तंत्रज्ञांनी नकार दिला. तो थेट कंपनीचा प्रमुख अडॉल्फ झुकोर याच्याकडं गेला आणि परवानगी घेऊन आला. टेक झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आधी सगळ्यांनी रशेस, म्हणजे आदल्या दिवशीचं कच्चं चित्रीकरण, पाहून ठेवलेले होते, आणि त्या दिवसापासून त्याला स्टुडिओत कुणी अडवलं नाही, असं तो सांगत असे.

ही गोष्ट सांगताना लोक झुकोरकडं जाण्याच्या धाडसावर भर देतात. तू भर दुसरीकडं दे. त्यानं दोन माईक मागितले कारण त्या खोलीत दोन जगं एकाच क्षणी होती, आणि त्यातलं एक बुडालं तर प्रवेश बुडणार होता. त्याला उपकरणाचा सोस नव्हता. तू आमच्याकडं तीन प्रोजेक्टर मागायला आली होतीस, तेव्हा 'कशासाठी' विचारल्यावर म्हणाली होतीस, 'भारी दिसेल.' पुढच्या वेळी काहीही मागायच्या आधी एका वाक्यात लिहून आण: या क्षणी प्रेक्षकाला काय ऐकू यायला किंवा दिसायला हवं आहे, आणि ते आत्ता का पोहोचत नाही? वाक्य पक्कं असलं की प्रकाशयोजनाकाराशी तुझं भांडणच होणार नाही, तो स्वतः मार्ग काढेल. तंत्रज्ञ 'होत नाही' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी म्हणत असतो, एक 'खरंच होत नाही' आणि दुसरी 'कधी केलेलं नाही'. यातली कुठली ते ओळखायचं तर त्याच्याशेजारी काही दिवस उभं राहायला लागतं, मामूलियन अस्टोरियात उभा राहिला तसं. तू लाइट्सच्या बूथमध्ये कधी बसली आहेस का? या महिन्यात बस.

१९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'मधलं रूपांतर तू ऐकून असशील. फ्रेडरिक मार्चचा चेहरा कॅमेऱ्यासमोर, कट न करता, काळवंडत जातो. चेहऱ्यावर रंगीत मेकअप आधीच लावलेला होता. भिंगासमोर त्याच रंगाचा फिल्टर असला की कृष्णधवल फिल्मवर तो रंग दिसत नाही, फिल्टर बदलत नेला की उमटायला लागतो. पण हे तंत्र मामूलियनचं नव्हतं. छायाचित्रकार कार्ल स्ट्रस यानं ते आधी १९२५ च्या 'बेन-हर'मध्ये कुष्ठरोग बरा होण्याच्या प्रसंगात वापरलं होतं. मामूलियनची करणी आहे ती आवाजात. त्या प्रसंगात त्याला नेहमीचं पार्श्वसंगीत नको होतं. झांजेसारख्या घंटेचा नाद उलटा वाजवून घेतला, कृत्रिम आवाज तयार करवले आणि खाली ठोक्यांसाठी ढोल वगैरे लावून पाहिले. ते पटेनात. मग स्वतः जिन्यावरून खालीवर धावला आणि छातीला माईक लावून आपल्याच हृदयाचे ठोके मुद्रित केले. मार्चला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. त्या प्रवेशात तू चेहरा बघशीलच, कान ठोक्यांकडं ठेव. कॅटफिश रोमधला तोच माणूस इथंही ठेका शोधतो आहे, फक्त आता वस्तीऐवजी एका शरीरात.

आपल्याकडं प्रभातमध्ये शांतारामबापूंनी १९३७ च्या 'कुंकू'त पार्श्वसंगीत बाजूला ठेवून घरातल्या, रस्त्यातल्या आवाजांवर भिस्त ठेवली, तेही तू या सगळ्याच्या जोडीनं बघ. दोघांनी एकमेकांकडून घेतलं असं मी म्हणत नाही. त्या दशकात बोलपट जिथं जिथं विचार करणाऱ्या माणसाच्या हाती पडला, तिथं तिथं हा प्रश्न उभा राहिला होता.

रंगाबद्दल थोडक्यात. १९३५ चा 'बेकी शार्प' हा तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमधला, म्हणजे तीन मूळ रंग वेगवेगळ्या फिल्मवर घेणाऱ्या पद्धतीतला, पहिला पूर्ण लांबीचा कथापट. आधीचा दिग्दर्शक लोवेल शेर्मन वारला आणि काम मामूलियनकडं आलं. वॉटर्लूच्या लढाईच्या तोंडावर रात्री नाच चालू आहे, तोफा ऐकू येतात, लोक पळत सुटतात. खरं तर सैनिक सगळ्यांत आधी निघायला हवेत. मामूलियननं पळणाऱ्यांचे गट रंगांनुसार पाडले. आधी करडे, निळे, हिरवे, फिकट पिवळे, मग नारिंगी, आणि सर्वांत शेवटी लाल डगल्यांचे अधिकारी. वास्तवाला ते धरून नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण पडदा तापत जातो, आणि तो का तापतोय हे प्रेक्षकाला कळतही नाही. ठाय, दुगुन, चौगुन, फक्त रंगांत. वेशभूषेवर बोलायला बसशील तेव्हा हा प्रसंग समोर ठेव. कुठल्या पात्राला काय शोभतं हा प्रश्न नंतरचा. प्रवेश कुठल्या रंगातून कुठल्या रंगाकडं जातो हा आधीचा.

ग्रेटा गार्बोचं सांगायलाच हवं. १९३३ चा 'क्वीन ख्रिस्तिना'. सराईतल्या खोलीत एक रात्र घालवल्यावर राणी त्या खोलीतल्या एकेका वस्तूला हात लावत फिरते, सगळं आठवणीत साठवून घेते. तो प्रवेश त्यानं मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, बसवला, गार्बोची पावलं आणि हात ठोक्यांवर. पडद्यावर मेट्रोनोम ऐकू येत नाही, नाचही वाटत नाही, पण नजर हलवता येत नाही. आणि शेवटचा शॉट. प्रियकर मेलेला, राज्य सोडलेलं, जहाजाच्या टोकाशी ती उभी, कॅमेरा तिच्या चेहऱ्यापर्यंत येतो. चेहऱ्यावर काय आणू, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, काहीच नाही. कसलाही विचार करू नकोस, शक्यतो पापणीही लववू नकोस. कोरा चेहरा. त्यात जो तो आपलं दुःख भरतो. नव्वद वर्षं उलटून गेली तरी त्या शॉटविषयी लोक लिहितात. तुझ्या नायिकेला शेवटच्या प्रवेशात तू रडायला लावलंस, वर व्हायोलिन, वर निळा स्पॉट. तिला उभी करून ठेवली असतीस आणि बाकी सगळं काढून टाकलं असतंस, तर? मुलीत ताकद आहे, मी बघितलं आहे तिला.

मग आला 'ओक्लाहोमा!'. ३१ मार्च १९४३, सेंट जेम्स थिएटर. पुन्हा थिएटर गिल्ड, आणि तेव्हा ती संस्था कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली. संगीतिका म्हटलं की पडदा उघडताच नाचणाऱ्या मुलींचा ताफा, ही ब्रॉडवेची रीत. इथं पडदा उघडतो तेव्हा एक म्हातारी अंगणात एकटी बसून लोणी घुसळते आहे आणि विंगेतून एका माणसाचं गाणं ऐकू येतं, साथीशिवाय. ही सुरुवात लेखक-गीतकार हॅमरस्टाइनच्या संहितेतली, संगीत रॉजर्सचं, नृत्यं ॲग्नेस डी मिलची. दिग्दर्शक मामूलियनचं काम होतं हे सगळं शिवण न दिसता एकत्र आणण्याचं. संवाद कुठं संपला, गाणं कुठं सुरू झालं आणि चालणं कधी नाच झालं, हे बोट ठेवून दाखवता येऊ नये. आपल्या संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळात पद रंगलं की वन्स मोअर पडायचा आणि गोष्ट थांबून उभी राहायची. त्यातलं सुख मला ठाऊक आहे, मी त्यावरच वाढले. पण गाण्यानं गोष्ट पुढं न्यायची असेल तर काय करावं लागतं, ते 'ओक्लाहोमा!'त दिसतं. शिंप्याच्या दुकानातून गढीपर्यंत गेलेलं गाणं आठव. सिनेमात ११ वर्षांपूर्वी जे साधलं होतं, ते आता रंगमंचावर आलं. २,२१२ प्रयोग झाले. दोनच वर्षांनी त्यानंच बसवलेली संगीतिका 'कॅरूसेल', त्याची सुरुवात तर सबंध मूकनाट्यानं, वॉल्ट्झवर. त्याचे ८९० प्रयोग.

तू विचारलं आहेस, 'नाटकात राहू की सिनेमात जाऊ?' त्यानं हा प्रश्न स्वतःला असा विचारलेला दिसत नाही. नाटकातला आवाजांचा मेळ सिनेमात नेला, ऑपेरातली मात्रा गार्बोच्या पावलांत घातली, सिनेमातलं वाहतं गाणं नाटकात आणलं. एका ठिकाणचं सामान दुसरीकडं नेल्यावरच त्याचं काम उजळलं. तू आता २२ वर्षांची आहेस. पुढची पाच-सहा वर्षं दोन्हीकडं राहा, आणि एकीकडं शिकलेलं दुसरीकडं वापरताना लाजू नकोस. 'हे फार सिनेमासारखं झालं' असं कुणी म्हटलं तर नेमकं कुठं, ते विचार. बहुतेकांना सांगता येणार नाही. ज्याला सांगता येईल त्याचं ऐक.

आता त्याच्यावरचा ठपका. अँड्र्यू सॅरिस या वजनदार अमेरिकन समीक्षकानं १९६८ मध्ये त्याची बोळवण केली ती नावीन्य संपून गेलेला नवनिर्माता म्हणून. तुझ्या परीक्षकांचा शेरा वाचून मला पहिल्यांदा तेच आठवलं. सॅरिस अगदीच निराधार बोलत नव्हता. एकूण १६ चित्रपटांत काही सामान्य आहेत, चाळिशीच्या दशकातल्या हलक्याफुलक्या कामांत तर मामूलियनची सही शोधावी लागते. पण सॅरिसनं मोजलं ते नावीन्य. दोन पट्ट्या, फिल्टर, तीनरंगी फिल्म, ही यादी संपते हे खरंच. लय संपत नाही. १९४१ च्या 'ब्लड अँड सँड'मध्ये एकही नवं यंत्र नव्हतं. तो स्पॅनिश चित्रकारांची चित्रं समोर ठेवून प्रत्येक प्रसंगाचा रंग लावत गेला, सेटवर फवारणीचा पंप घेऊन वस्तूंचे रंग जागच्या जागी बदलत राहिला. हे काम नावीन्य संपलेल्या माणसाचं वाटत नाही.

एक कठीण भाग उरला आहे, तोही तुला सांगते. १९४४ मध्ये 'लॉरा'च्या चित्रीकरणातून त्याला काढलं आणि ओटो प्रेमिंजरनं सूत्रं घेतली. १९५८ मध्ये 'पॉर्गी अँड बेस'वर सिनेमा होत होता. ज्या माणसानं १९२७ चं नाटक बसवलं, १९३५ चा ऑपेरा बसवला, त्यालाच निर्माता सॅम्युएल गोल्डविननं तयारी पूर्ण झाल्यावर काढलं, आणि पुन्हा प्रेमिंजरच आला. १९६१ च्या जानेवारीत 'क्लिओपात्रा' त्यानं स्वतः सोडला. इंग्लंडमधल्या पाइनवुडला इजिप्त उभा केलेला, थंडी, पाऊस, नायिका एलिझाबेथ टेलर आजारी, संहिता ठरत नव्हती. त्याच्या नावावरचा शेवटचा चित्रपट म्हणजे १९५७ चा 'सिल्क स्टॉकिंग्ज'. तो गेला १९८७ मध्ये. मधली ३० वर्षं त्यानं एकही सिनेमा केला नाही. 'हॅम्लेट'चं स्वतःचं संस्करण लिहिलं, मुलांसाठी एका मांजराची गोष्ट लिहिली, मुलाखती दिल्या. १९८२ मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेनं जीवनगौरव दिला.

या ३० वर्षांना मी त्याग किंवा बाणेदारपणा म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. मला ते वाचताना वाईट वाटतं. तडजोड न करणारा कलावंत, हे चित्र तुझ्या वयात फार मोहक दिसतं, पण त्यात न झालेली कामं दिसत नाहीत. अंतिम शब्द कुणाचा, हे कामाच्या आधी कागदावर ठरवून घेत जा. आपल्याकडं निर्मात्याशी 'घरचेच संबंध' म्हणून ते कुणी बोलत नाही आणि मग तालमी अर्ध्यावर आल्यावर सगळं निघतं. आणि एका मोठ्या कामाची वाट बघत हातातलं छोटं काम सोडू नकोस. आठ माणसांची एकांकिका का असेना, वर्षातून एक तरी उभी राहिली पाहिजे.

पुढच्या प्रयोगाच्या तालमी दिवाळीनंतर सुरू होतील ना? त्याआधी पाण्याच्या प्रवेशाचा एक कागद कर. आडव्या रांगेत मात्रा, उभ्या रांगेत माणसं. कुठल्या मात्रेवर कुणाचा हंडा टेकतो, कुठली रिकामी, म्हातारी कुठं खोकते आणि नळ जातो तेव्हा ठेका कुठं तुटतो, सगळं लिही. तुमच्या ग्रुपमधल्या तबलजीला पहिल्या तालमीपासून बसव, शेवटच्या आठवड्यात बोलावू नकोस. सुरुवातीचे काही दिवस संवाद म्हणायचेच नाहीत. मुलं कुरकुर करतील, करू देत.

सिनेमांत सुरुवात 'लव्ह मी टुनाइट'नं कर. पहिली काही मिनिटं एकदा आवाज बंद करून बघ आणि एकदा पडद्याकडं पाठ करून नुसती ऐक. मग 'अप्लॉज'. त्यातला अभिनय जुना वाटेल, पण दोन माईकच्या प्रवेशापर्यंत धीर धर. त्यानंतर 'जेकिल' आणि 'क्वीन ख्रिस्तिना'. 'ओक्लाहोमा!'वरचा १९५५ चा सिनेमा फ्रेड झिनमनचा आहे, मामूलियनचा नव्हे, तेव्हा तो बघून त्याच्याविषयी मत बनवू नकोस. मात्रांचा कागद झाला की आधी मला पाठव, मग मुलांना दे. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी